शिबिरास मूल पाठविण्यापूर्वी

वार्षिक परीक्षा संपत आल्या की शाळांच्या फाटकांवर, एस. टी. स्थानकांच्या भिंतींवर आणि आता घरोघरीच्या मोबाइलवरही उन्हाळी शिबिरांची पत्रके झळकू लागतात. घोडेस्वारी, धनुर्विद्या, पोहणे, दोरावरून दरी ओलांडणे, आकाशदर्शन, व्यक्तिमत्त्व विकास अशी उपक्रमांची लांबलचक यादी त्यांत असते. शुल्क असते, बसची वेळ असते, सोबत आणावयाच्या वस्तूंचा तपशील असतो. नसते ती एकच गोष्ट. रात्री दोन वाजता एखादे मूल तापाने फणफणले तर त्याने कोणाला उठवावयाचे, हे पत्रकात कोठेही लिहिलेले नसते. आणि मूल पाठविणारे पालकही तो प्रश्न क्वचितच विचारतात.

शिबिर ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मोजक्या मुलांचे शिबिर भरवून स्काउट चळवळीचा पाया घातला आणि ही चळवळ पुढे आपल्याकडील शाळाशाळांतून पोहोचली. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी येथील मुलामुलींना श्रमदान, समूहगीते व एकत्र भोजनाची गोडी लावली. त्या काळी शिबिराला नेणारे गुरुजी बहुधा गावातले, निदान पंचक्रोशीतले असत. त्यांचा स्वभाव, त्यांची शिस्त घरच्यांना ठाऊक असे. आज अनेक शिबिरे हा व्यवसाय झाला आहे. त्यात गैर काही नाही. परंतु संयोजक अपरिचित असतो. जुन्या ओळखीमुळे जी चौकशी आपोआप होऊन जात असे, ती आता पालकांना मुद्दाम करावी लागते आणि ती करताना संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

पाणी

चौकशीचा आरंभ पाण्यापासून करावा. शिबिराच्या आसपास नदी, तलाव, धरणाचा जलाशय, विहीर किंवा समुद्र आहे काय, हा पहिला प्रश्न होय. पोहण्याचा कार्यक्रम नसला तरीही तो विचारावा. कारण बुडण्याचे प्रसंग पुष्कळदा कार्यक्रमाबाहेरच्या वेळी, जेवणानंतरच्या मोकळ्या तासात घडतात.

मे १९९५ मध्ये पंजाबातील एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली असता १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. पालकांना देण्यात आलेल्या नुकसानभरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. सहलीवर असलेल्या मुलांची जबाबदारी शाळेस टाळता येत नाही, हे त्या निर्णयाने स्पष्ट झाले. त्याच बियास नदीवर जून २०१४ मध्ये वरच्या अंगाच्या धरणातून पाणी सोडले गेले आणि पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्याच राज्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या; नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते.

या सर्व घटना एकसारख्या नाहीत. परंतु मुले आणि पाणी यांच्यामध्ये त्या पाण्याची खोडी जाणणारा आणि 'येथून पुढे जावयाचे नाही' असे ठामपणे सांगणारा कोणी उभा असता, तर त्यांतील बरेच जीव वाचले असते. म्हणून 'जीवरक्षक आहे का?' एवढेच विचारून थांबू नये. तो दुसरे कोणते काम करतो, हेही विचारावे. स्वयंपाकाचे साहित्य आणणे, बसचे पाहणे आणि मुलांवर लक्ष ठेवणे ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असतील तर जीरवक्षक नाही असेच समजावे. जाकिटे मुलांच्या मापाची आहेत काय? पाण्यात उतरताना आणि बाहेर येताना मुले मोजली जातात काय, आणि कोण मोजतो?

आणखी दोन गोष्टी पालकांनी व शिक्षकांनीही ध्यानात ठेवावयास हव्यात. बुडणारे मूल सहसा ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला हाक मारणे जमतच नाही, त्यामुळे काठावर पाठ करून बसलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वी सारे आटोपते. दुसरी गोष्ट अशी की, शहरातील तरणतलावात पोहता येणे म्हणजे नदीत पोहता येणे नव्हे. तरणतलावाचा तळ सपाट व स्वच्छ असतो. जलाशयाच्या काठी गाळात पाय रुततात आणि सोडून दिलेल्या दगडखाणीत काठापासून एका पावलावर दोन पुरुष खोल पाणी असू शकते.

जागा आणि ऋतू

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. अशा वेळी दुपारी अकरा ते चार या वेळात मैदानी कार्यक्रम ठेवणारे वेळापत्रक हातात आले तर अन्य काही न पाहता ते परत करावे. उन्हात वावरणाऱ्या मुलाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की त्याला तात्काळ सावलीत आणून पाणी किंवा क्षारसंजीवनी द्यावी लागते. ते असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागले, तर मात्र तोंडाने काही न देता अंग ओल्या कापडाने गार करीत रुग्णालय गाठावयाचे असते. मार्गदर्शकाला हा फरक ठाऊक आहे काय, हे एका प्रश्नात समजते.

एप्रिल-मे हे वळवाच्या पावसाचेही दिवस. सायंकाळी अचानक आभाळ भरून येते आणि विजा पडू लागतात. उघड्या माळावर किंवा एकट्या मोठ्या झाडाखाली तंबू ठोकलेले असतील, तर पक्क्या इमारतीत मुलांना हलविण्याची सोय आहे काय, हे पाहावे. ओढ्याकाठची सपाट, वाळूची जागा तंबूसाठी मोठी सोयीची वाटते; सह्याद्रीत जूनच्या प्रारंभी ती तितकीच धोक्याची ठरते. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ग्वादालूप नदीकाठी जवळजवळ शंभर वर्षे चालत आलेल्या एका नामांकित शिबिरात ४ जुलै २०२५ च्या पहाटे पुराचे पाणी शिरले आणि निवासात झोपलेल्या मुली व त्यांच्या तरुण मार्गदर्शिका मिळून २७ जणी दगावल्या. त्यानंतर त्या राज्याने पूररेषेत मुलांचे निवास ठेवण्यास कायद्याने मनाई केली. संस्था किती जुनी आहे यावरून तिची जागा सुरक्षित आहे असे ठरत नाही.

येथे ग्रामपंचायतीचाही संबंध येतो. गावची जागा, शाळेची इमारत किंवा समाजमंदिर शिबिरासाठी मागितले जाते तेव्हा भाडे ठरवून विषय संपू नये. ओढ्याला पाणी कोठवर चढते, कोणती विहीर बिनकठड्याची आहे, धरणाचे पाणी कधी सुटते, याची माहिती शहरातून आलेल्या संयोजकास नसते. गावच्या सदस्यांस ती असते. पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर पडते की नाही, हे जलसुरक्षकाकडून एकदा पाहून घेतले तर पन्नास मुलांची पोटे वाचतील. प्राथमिक आरोग्य केंद्रास शिबिराची आगाऊ सूचना देणे हे तर दोन ओळींच्या पत्राचे काम आहे.

रात्र

दिवसाच्या कार्यक्रमाविषयी सारेच विचारतात. रात्रीविषयी विचारणे अधिक अगत्याचे.

मुले जमिनीवर सतरंज्या घालून झोपणार असतील तर मण्यारीची आठवण ठेवावी. हा साप रात्री हिंडतो. त्याच्या दंशाने फारशी वेदना होत नाही, सूजही येत नाही. झोपेत चावा झालेले मूल पहाटे पोट दुखते म्हणून रडत उठते, त्याच्या पापण्या जड होतात, आणि जेवण बाधले असेल म्हणून वेळ दवडला जातो. खाट, अथवा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी, हा त्यावरील साधा उपाय आहे. कोकणात लाल विंचवाची भीती असते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करून दाखविल्यापासून त्या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. परंतु औषधाचा लाभ वेळेत दवाखान्यात पोहोचणाऱ्यासच होतो. म्हणून सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तेथवर जाण्यास किती वेळ लागतो आणि रात्री शिबिरस्थळी वाहन उभे असते काय, हे विचारणे शंकेखोरपणाचे लक्षण नव्हे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच, पण तिला बोलावण्यास मोबाइलला संपर्कक्षेत्र मिळावे लागते. आणि डोंगरातील सुंदर जागी नेमके तेच मिळत नाही.

रात्रीचा दुसरा प्रश्न माणसांचा आहे. मुलींच्या निवासात स्त्री मार्गदर्शिका मुक्कामास असतात काय? एखादे मूल एकाच प्रौढ व्यक्तीसोबत बंद खोलीत एकटे राहण्याचा प्रसंग येणार नाही, असा नियम संस्थेने केला आहे काय? बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीस लागू आहे. अशा अपराधाची माहिती मिळूनही ती पोलिसांना न देणे हा स्वतंत्र अपराध आहे, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. जबाबदार संयोजक या प्रश्नाने रागावत नाही. उलट त्याच्याकडे उत्तर तयार असते.

पालकांनी सांगावयाच्या गोष्टी

येथवर संयोजकांची तपासणी झाली. दुसरी बाजूही आहे. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने किंवा लाजेपोटी पालक मुलाचा आजार दडवितात. दम्याचा फवारा कपड्यांच्या तळाशी राहतो. फेफऱ्याची गोळी, 'चार दिवसांनी काय बिघडते' म्हणून, घरीच राहते. हे अत्यंत धोक्याचे आहे. विदर्भातील व नंदुरबार, पालघरसारख्या आदिवासी भागांतील काही मुलांना सिकलसेलचा आजार असतो. ऊन, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम यांनी त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि शिबिरात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. आश्रमशाळेच्या शिक्षकांनी मुलाचे सिकलसेल तपासणीचे कार्ड पाहिल्यावाचून त्याला डोंगर चढण्यास पाठवू नये. औषधाचे नाव, मात्रा व वेळ कागदावर स्वच्छ लिहून तो कागद एका ठरावीक व्यक्तीच्या हाती द्यावा. अंथरूण ओले करण्याची सवय असलेल्या मुलाविषयी मार्गदर्शकाच्या कानात एक शब्द घातला तर ते मूल चारचौघांतील हसण्यातून वाचते.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे. 'कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत' असे वाक्य त्यात बहुधा असते. अशा वाक्याने निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. तथापि ज्याच्या पत्रात हेच एक वाक्य ठळक असते आणि डॉक्टरचे नाव मात्र नसते, त्याच्याविषयी पालकांनी काय समजावयाचे ते समजावे. गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, नौकानयन यांसारखे साहसी प्रकार असतील तर संयोजकाची पर्यटन संचालनालयाकडील नोंदणी पाहावयास मागावी. राज्य शासनाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणात अशा नोंदणीची तरतूद आहे.

राहता राहिले मूल. पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या मुलाला घरची ओढ लागतेच, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या रात्री. 'करमले नाही तर लगेच न्यायला येऊ' हे आईचे आश्वासन मायेपोटी असते. पण त्यामुळे मूल करमवून घेण्याचा प्रयत्नच करीत नाही, दूरध्वनीची वाट पाहात बसते. त्यापेक्षा आधी एक-दोन रात्री मामा किंवा आत्याकडे एकटे ठेवून पाहावे. मात्र एक अपवाद त्याला स्पष्ट सांगावा: कोणी मारले, अंगाला नको तसा हात लावला, किंवा घरी सांगू नकोस असे बजावले, तर कोणत्याही वेळी फोन करावयाचा. त्यासाठी घरचा क्रमांक आणि बालमदतीचा १०९८ हा क्रमांक त्याला तोंडपाठ हवा. मोबाइल काढून घेतला जातो, पाठ केलेला क्रमांक काढून घेता येत नाही.

परत आल्यावर पहिल्या दिवशी फार विचारू नये. मूल झोपेल, खाईल, आणि दोन दिवसांनी आपणहून सांगू लागेल. कोण मित्र झाला, कोणती भाजी आवडली नाही, रात्री कोण गोष्ट सांगत असे. त्या सांगण्यात एखाद्या मार्गदर्शकाचे नाव निघताच ते गप्प होऊ लागले, तर विषय तेथेच सोडून न देता थोड्या वेळाने, एकांतात, पुन्हा विचारावे.