कल्याणचा पत्ता

लेकाच्या पहिलीच्या अर्जावर आम्ही पत्ता खोटा लिहिला. अगदीच हवेतला नव्हे. खडकपाड्याला माझे दीर भाड्याने राहत होते, त्यांचा. आम्ही राहतो आंबिवलीला, कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूला दुसरं स्टेशन. शाळेच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज चाळला, पत्त्यावर पेन टेकवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "आंबिवली? कल्याणात कोणी नातेवाईक नाहीत का तुमचे?" एवढंच. पुढचं आम्ही आपसूक समजून घेतलं. नवा अर्ज घेतला, बाकड्यावर बसून भरला. रहिवासाचा पुरावा कोणी मागितला नाही, फी मात्र मागितली.

आमच्या गावाचं नाव ऐकून समोरच्याचा चेहरा का बदलतो, हे मुंबई-ठाण्याच्या वाचकांना सांगायला नको. सोनसाखळीचोरीची बातमी आली की खाली कुठेतरी आंबिवलीची इराणी वस्ती असते. पोलीस कोणाला पकडायला आले आणि त्यांच्यावर दगडफेक झाली, ही बातमीही अनेकदा छापून आली आहे. ती खोटी नाही. पण माझं माहेर आंबिवलीला लागूनच असलेल्या मोहन्याचं, वडील एनआरसीत. माझ्या लहानपणी कल्याणच्या दुकानात "मोहने, एनआरसी" म्हटलं की उधारीची वही उघडायची. एनआरसी या रेयॉनच्या कारखान्याची नोकरी म्हणजे बँकेसारखी समजत. 2009 साली कंपनी बंद पडली, हजारो घरांची देणी वर्षानुवर्षं लटकली, आणि त्याच परिसराला लोकांनी दुसरंच नाव चिकटवलं. जागा तीच, माणसंही बरीचशी तीच. तरीही मी स्वतः मोहन्याची मुलगी असून त्या खिडकीपाशी खाली मान घालून उभी राहिले, याची लाज मला अजून वाटते.

शाळा निवडताना आमच्या घरात चर्चा झाली ती सगळी या एका नावाभोवती. घरापासून चालत बारा मिनिटांवर महापालिकेची मराठी शाळा. सासूबाई म्हणाल्या, "तिथे बरा वर्ग आहे, त्या बाई मला ठाऊक आहेत." आम्ही दोघांनी त्यांना उडवून लावलं. "आई, तिथे कोणकोणती मुलं येतात, ठाऊक आहे ना?" आम्ही त्या शाळेच्या फाटकाच्या आत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. वर्ग पाहिला नव्हता, बाईंशी बोललो नव्हतो. कल्याणची शाळा मात्र तीनदा पाहिली, तिन्ही वेळा रविवारी किंवा सुट्टीत, रस्ते मोकळे असताना.

जूनमध्ये व्हॅन सुरू झाली आणि शहाडच्या पुलाची ओळख झाली. कल्याणहून मुरबाडकडे जाणारी बहुतेक वाहतूक त्या पुलावरून जाते. पावसाळ्यात खड्डे पडले की तिथलं दहा मिनिटांचं अंतर पाऊण तासाचं होतं. साडेसहाला घराबाहेर पडलेलं सहा वर्षांचं पोर दुपारी दोनला परत यायचं, डबा अर्धा तसाच. व्हॅनमध्ये किती मुलं बसतात, हे मी पहिले पंधरा दिवस विचारलंच नाही. एकदा मोजली. चौदा! पुढच्या सीटवर ड्रायव्हरकाकांशेजारी तीन. मदतनीस बाई नाहीच.

त्यातच पोराला एका मुलाने विचारलं, "तू चोरांच्या गावाचा?" घरी येऊन त्याने आम्हाला विचारलं, चोरांचं गाव म्हणजे काय. आम्ही काय करावं? नवऱ्याने त्याला जवळ घेऊन समजावलं, "कोणी विचारलं तर सांगायचं, मी कल्याणला राहतो. घरचा पत्ता कोणाला सांगायचा नाही." वर्गात मार खाऊ नये म्हणून दिलेला सल्ला तो. मुलाने शहाण्यासारखी मान हलवली.

तारीख माझ्या लक्षात आहे, 19 जुलै 2023. त्याच रात्री खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड कोसळली, म्हणून ही तारीख महाराष्ट्रात कोणीच विसरत नाही. माझं विसरणं तर शक्यच नाही. सकाळपासून पाऊस असा की समोरचं दिसेना. अंबरनाथ-बदलापूरकडे रुळांवर पाणी, लोकल जिथल्या तिथे. मी ठाण्यात ऑफिसात. मुलाची शाळा लवकर सोडली. आमचे व्हॅनकाका शहाडच्या पलीकडे अडकलेले, ते पोचू शकले नाहीत. शाळेने नवऱ्याच्या नंबरावर फोन लावला; तो कारखान्यात, मोबाइल लॉकरमध्ये. दुसरा नंबर अर्जावर होता तो दिरांचा, आणि दीर-जाऊ दोन दिवसांसाठी जुन्नरला गेलेले, तिथे रेंज नाही. माझा नंबर अर्जावर कुठेच नव्हता, कारण दुसऱ्या अर्जाच्या गडबडीत "स्थानिक संपर्क" म्हणून तिथे दिरांचा टाकला होता. मग शाळेने, त्यांच्या बाजूने अगदी रीतसर, रजिस्टरमधला पत्ता पाहिला आणि खडकपाड्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या व्हॅनमध्ये मुलाला बसवून दिलं. ड्रायव्हरने इमारतीच्या गेटशी सोडलं आणि तो पुढे गेला.

दारावर कुलूप. वॉचमनकाका मूळ जौनपूरचे, त्यांनी ओल्या पोराला केबिनमध्ये घेतलं, टॉवेलने डोकं पुसलं, चहा-खारी दिली. "बेटा, घर कहाँ है तुम्हारा?" मुलगा गप्प. "मम्मी का नंबर?" नंबर येत नव्हता. पुन्हा विचारलं, घर कुठे. तर म्हणाला, "सांगायचं नाही."

दिरांशी संपर्क होईपर्यंत तीन तास तो तिथे बसला होता आणि तीनही तास त्याने आंबिवली हा शब्द तोंडातून काढला नाही. शेवटी वॉचमनकाकांनी सोसायटीच्या वहीतून दिरांचा नंबर काढून पुन्हा पुन्हा लावला, तो साडेचारला लागला, दिरांनी मला कळवलं. मी अर्धी वाट गाडीने आणि अर्धी चालत साडेसातला पोचले. मला पाहून तो रडला नाही. मोठ्या ऐटीत म्हणाला, "आई, मी कोणालाच नाही सांगितलं."

पुढच्या जूनमध्ये त्याला सासूबाईंच्या त्या चालत जायच्या शाळेत घातलं. जुन्या शाळेने दाखला द्यायला टाळाटाळ केली, पण शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हा कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेणंही त्यात बेकायदा आहे. पहिल्या वेळेला 25,000 रुपयांपर्यंत दंड. हे मला आधीच ठाऊक असतं तर त्या खिडकीतल्या बाईंना मी उलट विचारलं असतं, "पत्त्याचा प्रश्न कुठल्या नियमात बसतो?" विचारलं असतं का, कोण जाणे. धीर कायद्याने येतोच असं नाही.

आता ओळखीपाळखीतल्या आया मला विचारतात, कुठली शाळा बरी. नावं मी सांगत नाही. आधी त्यांना विचारते, "तुला भीती नेमकी कशाची वाटते?" बहुतेकींचं उत्तर चोरीशी येऊन थांबतं. साखळी खेचली जाते ती बाईच्या गळ्यातली, सकाळच्या फिरण्यात किंवा स्टेशनच्या वाटेवर. ती माझी भीती आहे आणि तिच्यावर उपाय म्हणजे मी मंगळसूत्र ओढणीआड ठेवते. सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात काय आहे? त्याचा धोका वेगळा: कोंबलेली व्हॅन, डंपरचा रस्ता, रूळ ओलांडायची घाई, पावसाळ्यातल्या उल्हास आणि काळू नद्या, आणि ज्याच्यावर विश्वास टाकला तो माणूस. मी माझी भीती उचलून मुलाच्या दप्तरात भरली होती आणि त्याच्या वाटेवर खरं जे होतं ते पाहिलंच नाही.

बदलापूरने तर हे डोळ्यांत बोट घालून दाखवलं. ऑगस्ट 2024 मध्ये तिथे दोन चिमुकल्या मुलींवर शाळेच्या आतच अत्याचार झाल्याचं उघड झालं, आरोप होता शाळेतल्याच सफाई कामगारावर. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. त्या गावाचं नाव तोवर कोणी चोरांशी जोडलं नव्हतं. फाटक, भिंत, गणवेश, सगळं जागच्या जागी होतं. त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबद्दल बजावलं. शाळा बघायला जाल तेव्हा याबद्दल नुसतं "आहे का?" विचारू नका, "आहे" हेच उत्तर मिळेल. तक्रारपेटी कोण उघडतं, शेवटची कधी उघडली, सखी सावित्री समितीत पालक कोण, हे विचारा. शौचालयाकडे लहान मुलांना कोण नेतं, तिथे मावशी असते की पुरुष, हे स्वतः जाऊन पाहा. आमच्या आताच्या शाळेत पेटी होती, किल्ली मात्र हरवलेली. आम्ही कुलूप तोडून नवं लावलं.

"आम्ही" म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी आणि अनुदानित शाळेत तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. मी त्यात आहे. गोड चित्र रंगवत नाही: वर्गात पंखा एकच चालतो, एक बाई दोन वर्ग सांभाळतात असे दिवस येतात, इंग्रजी कच्चं राहतं आणि ते मला संध्याकाळी भरून काढावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वेगळा निर्णय घेतला तर मी नाक मुरडणार नाही. खासगी शाळा हवी असेल आणि निकषात बसत असाल तर शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांचा अर्ज जरूर भरा. त्यातही अंतर मोजलं जातं, नकाशावर घराच्या खुणेचा फुगा आपणच ठेवायचा असतो. तो सोयीसाठी शाळेकडे सरकवला की पडताळणीत प्रवेश जातो. पुन्हा पत्ताच. आणि शाळा कुठलीही असो, तिचा सरकारी नोंदीतला अकरा आकडी यूडायस क्रमांक मागा. तो द्यायला जी शाळा आढेवेढे घेते, तिथे अनामत भरू नका. विनापरवानगी शाळांच्या याद्या दरवर्षी निघतात आणि त्या निघेपर्यंत पैसे गेलेले असतात.

रस्ता मात्र पायांनी पाहायचा. सोमवारी, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी, आणि एकदा तरी भर पावसात. व्हॅन असेल तर आत वाकून मुलं मोजा. स्कूल बसच्या 2011 च्या नियमावलीप्रमाणे गाडीत मदतनीस हवा, मुली असतील तर बाईमाणूस, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. तक्रार व्हॅनकाकांशी भांडून नव्हे, तिथे लेखी द्यायची. गाडी आली नाही तर मूल कोणाच्या हाती सोपवायचं, हेही लिहून द्या. आईचा नंबर पहिला घाला. ऑफिसात फोन उचलणारी बहुतेकदा तीच असते.

राहिली आपण कुठले या ओळखीची गोष्ट, आणि ती मोजायला नियमावली नाही. मी एक करते. प्रवेशाच्या खिडकीशी आपल्या वस्तीचं नाव स्पष्ट घ्यायचं आणि समोरचा ते परत कसं उच्चारतो हे ऐकायचं. आंबिवली, इंदिरानगर, कातकरवाडी, जे काय तुमचं असेल ते. ऑफिसातला माणूस ज्या सुरात ते बोलतो, त्याच सुरात उद्या वर्गातली मुलं बोलणार आहेत. आमच्या आताच्या शाळेत मुख्याध्यापिकांनी पत्ता वाचून फक्त विचारलं, "म्हणजे पाण्याच्या टाकीकडून येणार ना हा? तिथे कुत्री आहेत, पहिले काही दिवस सोबत या."

लेकाच्या वर्गात त्या बदनाम वस्तीतला एक मुलगा आहे. दोघं एका बाकावर. त्याची आई मला स्टेशनाबाहेर भेटली, मुलाच्या वहीला कव्हर आणायला आली होती. म्हणाली, आधी मुलाला लांबच्या शाळेत घातलं होतं, तिथे एकाचं कंपासपेटीतलं काही हरवलं की सगळ्यांच्या नजरा याच्याकडे वळत, म्हणून इकडे आणलं. मी तिला सांगणार होते की त्याच नजरांना घाबरून मीही माझ्या पोराला लांब नेलं होतं, फक्त मी नजर चुकवणाऱ्यांत होते. नाही सांगितलं. कव्हरचा खाकी कागद दोघींनी मिळून अर्धा-अर्धा घेतला.

खडकपाड्याच्या वॉचमनकाकांना आम्ही दरवर्षी दिवाळीचा फराळ नेतो. गेटवर ते लेकाला मुद्दाम विचारतात, "बेटा, घर कहाँ?" आणि तो इमारतीच्या नावापासून पिनकोडपर्यंत एका दमात सांगतो, वर माझा दहा आकडी नंबर. आता अडचण अशी की तो हे लोकलमध्ये शेजारी बसलेल्या कोणालाही सांगतो. गेल्या आठवड्यात शहाडला चढलेल्या एका आजोबांना त्याने आमचा मजला, दरवाजाचा रंग आणि किल्ली कोणाकडे असते हेही सांगून टाकलं.