पैनगंगेचे पाणी संगणकाला कसे कळते?

प्रश्न : आमचे गाव रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. मुलगा म्हणतो, नदीचे पाणी खराब होणार की नाही हे आता संगणकच आधी सांगतो. पाण्याला हात न लावता हे कसे जमते? आणि जमत असेल, तर बाटल्या भरून पाणी तपासायला नेण्याची गरज काय उरली?

उत्तर : हात न लावता जमत नाही, हे आधी सांगून टाकतो. फरक इतकाच, की तो हात पूर्वी पुष्कळ वेळा लावून झालेला असतो.

बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगापाशी जरा उभे राहून पाहा. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एक दाताखाली फोडतो आणि म्हणतो, "ओल आहे, चौदाच्या वर जाईल." मॉइश्चर मीटर लावला की आकडा बहुधा त्याच्या आसपासच निघतो. त्याने हजारो वेळा दाणा फोडला आणि लगेच मीटरही पाहिला; दोहोंचा मेळ डोक्यात पक्का बसला. मशीन लर्निंग म्हणजे असा मेळ संगणकाने बसवायचा. पाण्याच्या बाबतीत दाताचे काम झटपट मोजता येणाऱ्या गोष्टी करतात : तापमान, गढूळपणा, सामू, पाण्यातून वीज किती सहज वाहते, काल-परवा पाऊस किती झाला. मीटरच्या जागी असतो प्रयोगशाळेचा अहवाल.

मग सरळ अहवालच का पाहू नये? कारण तो उशिरा येतो. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्या मापाला बीओडी म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. विष्ठेतले जिवाणू वाढून दिसायलाही एक-दोन दिवस जातात. नदी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल, तर तीन दिवसांत ते पाणी सुमारे १३० किलोमीटर पुढे गेलेले असते. अहवाल हाती येतो तेव्हा आपण गेलेल्या पाण्याबद्दल वाचत असतो. हा मधला काळ अंदाजाने भरून काढायचा, यासाठी यंत्र हवे.

अंदाज बांधण्याच्या पद्धती अनेक आहेत. खूप वापरली जाणारी एक म्हणजे रँडम फॉरेस्ट. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ लिओ ब्रायमन यांनी ती २००१ मध्ये मांडली. जुन्या नोंदी चाळून संगणक प्रश्नांची साखळी तयार करतो. काल मोठा पाऊस होता का? होता, तर गढूळपणा किती? अशा एका साखळीला झाड म्हणतात. संगणक शेकडो झाडे लावतो, प्रत्येकाला नोंदींचा वेगळा गठ्ठा देतो आणि सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी काढतो. काही नोंदी मात्र त्याच्यापासून लपवून ठेवतात आणि शेवटी परीक्षा त्यांच्यावरच घेतात.

त्या परीक्षेत "९८ टक्के अचूक" निकाल लागला असे वाचलेत, तर आधी विचारा की यंत्राला दिले काय आणि ओळखायला सांगितले काय. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा जल गुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवरून काढते : विरघळलेला प्राणवायू, विष्ठाजन्य जिवाणू, सामू आणि बीओडी. हेच चार आकडे देऊन यंत्राला निर्देशांक ओळखायला लावला, तर ते गुणाकार-बेरीज शिकले, एवढाच त्याचा अर्थ. ज्या बीओडीसाठी तीन दिवस थांबायचे, तोच आधी हातात घेऊन केलेले भाकीत काय कामाचे? असे शोधनिबंध थोडेथोडके नाहीत, आणि ते पाहून मला वाईट वाटते.

आता आपल्या नद्यांकडे या. गंगेच्या नोंदींवर शिकलेले यंत्र पैनगंगेला जसेच्या तसे लावता येत नाही. गंगेला हिमालयातल्या बर्फाचेही पाणी मिळते. आपल्या पैनगंगा, काटेपूर्णा, अडाण, अरुणावती पावसावर जगतात आणि उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी डोह-बंधाऱ्यांपुरत्या उरतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात शेतातली माती, तिला चिकटलेला खताचा स्फुरद, नाल्यांत साचलेली घाण, सगळे एकदम पात्रात उतरते. महिन्यातून एकदा नमुना घेतला तर वर्षाच्या बारा नोंदी होतात. त्यांत हा पहिला लोंढा सापडेलच असे नाही. यंत्राने जे कधी पाहिलेच नाही, ते ओळखणार कसे?

वेळेचेही तसेच. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे तुंबलेल्या हिरव्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर असतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करते. रात्री तेच शेवाळ श्वासासाठी तो वापरून टाकते. पहाटे अशा पाण्याजवळ गेलात, तर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतील. नमुना नेहमी उन्हे वर आल्यावरच घेतला, तर ही पहाट वहीत उमटतच नाही, आणि यंत्र नदी ठणठणीत असल्याचे सांगत राहते.

म्हणून बाटल्या भरणे थांबवायचे नाही; त्या जास्त भरायच्या, वेगवेगळ्या वेळी भरायच्या. आणि नदीचा निर्देशांक "चांगला" आला म्हणून पाणी पिण्यालायक ठरत नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच सापडता कामा नये. पाणी नितळ दिसते यावरही जाऊ नका. जिवाणू आणि नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवतात. तुमच्या गावचा संच कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. जिवाणू तपासायच्या बाटलीत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबेत ठेवायची. पाणी काळे पडले, तर ते दूषित. निकाल वहीत लिहाल तेव्हा तारखेसोबत नमुना घेतल्याची वेळ आणि आदल्या दिवशीचा पाऊसही लिहा.