गेम आधी घरात, गॅलेक्सी मग

भाचेराव, पीसी जुळवून झाला, आता गेम घ्यायचे म्हणतोस. गॉगवरून घेतोयस हे ऐकून बरं वाटलं. त्यांचं ते गॅलेक्सी नावाचं ॲप टाकायचं की नाही, हे तू विचारलंस. टाकायला हरकत नाही. पण पैसे भरले की पहिलं काम गेमचा सेटअप आपल्या डिस्कवर उतरवून घेण्याचं, गॅलेक्सीचं नंतर बघायचं. एवढं पाळलंस तर पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. तुला घाई फार म्हणून आधीच सांगून टाकलं.

स्टीमवर तुला हा प्रश्न पडलाच नसता. तिथे क्लायंट, म्हणजे दुकानाचं ॲप, ठेवायचा की नाही हे आपल्या हातात नसतंच. २००३ साली स्टीम आलं आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात हाफ-लाइफ २. दुकानातून रोख पैसे मोजून डबा आणलेल्यालाही स्टीमचं खातं काढून नेट जोडल्याशिवाय तो गेम सुरू करता येईना. आमचा सायबर कॅफे तेव्हा नगरात दिल्ली गेटजवळ होता. पोरं लॅनवर काउंटर-स्ट्राइक खेळायची, तासावर पैसे, आणि ऐन रंगात आलं की लोडशेडिंग. सगळ्या मशीनना मिळून नेटची एकच लाइन, तीही रडतखडत चालणारी. ‘आधी नेट जोडा, मग गेम चालेल’ असं सांगितलं की गिऱ्हाईक आमच्याकडे वेड्यासारखं बघायचं. आता कुणी बघत नाही, सवय झाली सगळ्यांना.

स्टीम वाईट असं माझं म्हणणं नाही. २०१५ पासून तिथे रुपयांत किमती आहेत, सेल लागला की गेम स्वस्तात मिळतात, ऑफलाइन मोडही आहे. पण बहुतेक गेमना त्यांच्याच दारातून जावं लागतं. १ जानेवारी २०२४ ला त्यांनी विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट बंद केला. जुन्या मशीनवर जुने गेम गुण्यागोविंदाने खेळणाऱ्यांचं मशीन तेच राहिलं, गेम तोच राहिला, भरवसा मात्र गेला. गेममध्ये काहीच बिघडलं नव्हतं, क्लायंट पुढे निघून गेला होता.

गॉगची गोष्ट वेगळी. पोलंडमध्ये १९९४ साली दोन मित्रांनी सीडी प्रोजेक्ट नावाने गेमच्या सीडी विकायला सुरुवात केली, तीही भोवती कॉपी केलेल्या डिस्कचा सुळसुळाट असताना. तुझा आवडता विचर पुढे त्यांनीच बनवला. २००८ मध्ये त्यांनी जुने गेम विकायला ‘गुड ओल्ड गेम्स’ काढलं, त्याचंच पुढे गॉग झालं. धंद्याचं तत्त्व एकच: विकलेल्या गेमला कुलूप लावायचं नाही. गॅलेक्सी २०१४ मध्ये जाहीर केलं तेव्हाही हवं त्याने वापरावं असंच सांगितलं, आणि आजही एकट्याने खेळायचे त्यांचे गेम गॅलेक्सीशिवाय चालतात.

तरी भाबडेपणाने जाऊ नकोस. शनिशिंगणापूर तुला काही नवीन नाही. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, म्हणून लोक लांबून बघायला येतात. २०११ मध्ये यूको बँकेने तिथे शाखा उघडली तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून देशभर बातम्या झाल्या. दार काचेचं, आणि गावाच्या श्रद्धेला धक्का नको म्हणून डोळ्यांना न दिसणारं, रिमोटवर चालणारं चुंबकीय कुलूप. बँकेचं बरोबरच होतं, लोकांचा पैसा उघड्यावर कोण ठेवील? पण ‘कुलूप नाही’ म्हटलं की कुठे नाही, ते आपण बघून घ्यावं. सप्टेंबर २०२१ मध्ये गॉगवर हिटमॅन आला. गेम सुरू व्हायचा नेटशिवाय, पण नवी हत्यारं, नव्या जागा उघडायच्या तर कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी हवी. गिऱ्हाइकांनी एवढा आरडाओरडा केला की ऑक्टोबरमध्ये गॉगला तो गेम दुकानातून काढावा लागला. म्हणून घेण्याआधी गेमच्या पानावर खाली जाऊन वाचायचं. चारचौघांशी ऑनलाइन खेळायच्या भागाला बऱ्याचदा गॅलेक्सी लागतं. तुला मित्रांबरोबरच खेळायचं असेल तर गॅलेक्सी टाकायचं की नाही याचा काथ्याकूट करत बसू नकोस, टाकून मोकळा हो.

आता हाताने करायचं ते. खरेदी झाली की तुझ्या लायब्ररीत गेमवर क्लिक कर. वर ठसठशीत बटण दिसेल, गॅलेक्सीतून इन्स्टॉल करण्याचं. नजर तिथेच जाते, जावी म्हणूनच ते तिथे ठेवलंय. त्याच्या खाली ‘ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स’ असं लिहिलेलं असतं. आपलं काम तिथे. विंडोज निवडलंय ना आणि भाषा बरोबर आहे ना, ते पाहून घे. मोठा गेम तुकड्यांत येतो: एक छोटी सेटअपची एक्झी फाइल आणि तिच्या मागे चार-चार जीबीपर्यंतच्या बिन फाइली. हे सगळे तुकडे एकाच फोल्डरात ठेवायचे, नावं बदलायची नाहीत. एक जरी बिन राहिली तर इन्स्टॉल अर्ध्यावर येऊन ती मागत बसतं. पोरं मग सेटअप खराब आहे म्हणून ओरडतात. सेटअपला काही झालेलं नसतं, तुकडा डाउनलोड्समध्ये पडलेला असतो.

ब्राउझरमधून चार जीबीची फाइल आणताना लाइट गेली की काय होतं ते तुला ठाऊक आहे. कधी पुढे चालू होतं, कधी पहिल्यापासून. इथे मला गॅलेक्सी आवडतं. त्याच्यात गेमच्या एक्स्ट्राज विभागात हेच ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतात आणि तुटलेलं डाउनलोड ते नीट पुढे ओढतं. म्हणजे गॅलेक्सीशिवाय जगायची तयारी गॅलेक्सीकडूनच करून घ्यायची!

तुमच्या पाथर्डीकडच्या गावात हे जास्त लागू. मोबाइलचा दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक, त्याच्या हॉटस्पॉटवर साठ-सत्तर जीबीचा गेम उतरवायचा म्हणजे महिना गेला, आणि त्या महिन्यात ताईला व्हिडिओ कॉल बंद. मग ती मला फोन करते. त्यापेक्षा सावेडीत माझ्याकडे फायबर आहे, इथे एका रात्रीत उतरेल. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घे, एनटीएफएस किंवा एक्सफॅटने फॉरमॅट कर, आणि एसटीने घेऊन जा. क्लायंटवाल्या गेममध्ये फाइली नेल्या तरी तिकडे लॉगिन, तपासणी, वरून नवा अपडेट, असा फेरा उरतोच. इथे सेटअपवर डबल क्लिक केलं की झालं.

घरी गेल्यावर एक परीक्षा घ्यायची. नेट बंद कर, गॅलेक्सी बंद कर, डिस्कवरून गेम इन्स्टॉल कर आणि पहिला टप्पा खेळून बघ. चालला तर गेम तुझा. अडला तर तीस दिवसांच्या आत गॉगकडे परतावा मागता येतो, खेळून झालेला असला तरी. ही सोय चांगली आहे, तिचा गैरफायदा घेऊ नकोस. गेम संपवून पैसे परत मागणारे महाभाग मी पाहिलेत.

एवढं झालं की गॅलेक्सी कुठे वापरायचं ते ठरव. डॉसच्या जमान्यातले जुने गेम घेतलेस तर बिलकुल गरज नाही. त्यांना आता नवे पॅच क्वचितच येतात, आणि डॉसबॉक्स वगैरे लागतं ते गॉगवाल्यांनी सेटअपमध्येच घातलेलं असतं. नव्या, मोठ्या गेमचं उलट. तो बाजारात येतो तेव्हा अर्धा कच्चा असतो, पहिलं वर्षभर पॅचवर पॅच. सायबरपंकच्या वेळी सगळ्यांनी पाहिलंच. प्रत्येक पॅच हाताने उतरवत बसणं म्हणजे शिक्षा, ते काम गॅलेक्सीला करू दे. वर्ष-दोन वर्षांनी गेम स्थिरावला की शेवटच्या आवृत्तीचा ऑफलाइन सेटअप डिस्कवर घे, फोल्डरच्या नावात तारीख टाक, आणि गॅलेक्सी काढलंस तरी चालेल. ॲप काढल्याने त्याने टाकलेले गेम जात नाहीत, गेमच्या फोल्डरातल्या एक्झीवरून सुरू होतात.

पॅच गॅलेक्सीने आणावेत, पण तू सांगशील तेव्हाच. म्हणून त्याच्या सेटिंगमधली अपडेट आपोआप होऊ देण्याची खूण पहिल्याच दिवशी काढून टाक. १४ डिसेंबर २०२२ ला विचर ३ ला मोठा फुकट अपडेट आला. चित्रं देखणी झाली, पण साध्या ग्राफिक्स कार्डवर काल सुरळीत चालणारा गेम रखडू लागला. गॅलेक्सीत जुन्या १.३२ आवृत्तीवर परत जायची सोय होती. ज्यांच्या डिस्कवर जुना सेटअप होता त्यांना तेवढंही करावं लागलं नाही. तुझं कार्ड काही फार दणकट नाही, तेव्हा हे ध्यानात ठेव.

त्याच सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी बंद कर: विंडोजबरोबर आपोआप सुरू होणं आणि खेळताना गेमवर दिसणारं ओव्हरले. आठ जीबी रॅममध्ये प्रत्येक दुकानाचा एकेक क्लायंट कोपऱ्यात बसला तर गेमला काय उरणार? गॅलेक्सीत स्टीम, एपिक सगळ्यांची लायब्ररी एकत्र दाखवायची सोयही आहे. दिसते झकास. पण तिचे बरेचसे जोड बाहेरच्या हौशी लोकांनी लिहिलेले आहेत आणि पलीकडच्या दुकानाने काही बदललं की ते मोडतात. शिवाय तुझं दुसऱ्या दुकानाचं लॉगिन त्यात द्यावं लागतं. मी देत नाही, तूही देऊ नकोस. कुठला गेम कुठे घेतला ते लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून ठेव, हसू नकोस.

सेव्ह फाइलींकडे लोकांचं लक्ष नसतं आणि रडायची वेळ तिथेच येते. गॅलेक्सी त्या क्लाउडवर ठेवतं, पण ज्या गेमना ती सोय आहे त्यांच्याच, आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरपासून एका गेमला २०० एमबीची मर्यादा आहे. विचर ३ चे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरात, ‘गेमसेव्हज’ नावाने असतात. सायबरपंकचे सेव्हड् गेम्समध्ये. कित्येक गेम ॲपडेटाच्या लपवलेल्या फोल्डरात दडवतात. विंडोज नव्याने टाकण्याआधी ही फोल्डरं उचलून डिस्कवर घ्यायची. सेटअप पुन्हा उतरवता येतो, विचरमधला शंभर तासांचा गेराल्ट परत मिळत नाही.

डिस्कवर सेटअप ठेवायला मी एवढा का मागे लागतो, तर १३ डिसेंबर २०२४ ची गोष्ट ऐक. ब्लिझर्डच्या सांगण्यावरून वॉरक्राफ्ट १ आणि २ हे मूळ गेम त्या दिवशी गॉगच्या विक्रीतून उतरले. आधी घेतलेल्यांना ते पुढेही उतरवता येतील असं गॉगने सांगितलं, हे त्यांच्या बाजूने बोललंच पाहिजे. पण खुद्द गॉग उद्या कुणाच्या हातात असेल आणि नवा मालक काय ठरवील, हे तू-मी ठरवणार नाही. तुझ्या ड्रॉवरातल्या डिस्कशी मात्र त्यांचा संबंध नाही. दोन डिस्क असतील तर उत्तमच, कारण डिस्कही मरते, आणि तीही न सांगता.

आता हॉस्टेलवरच्या मित्रांचं. गेमला कुलूप नाही म्हटल्यावर ते सेटअप मागणारच. द्यायचं नाही. आमच्या कॅफेच्या काळात नगरात एकाच सीडीच्या किती कॉपी फिरायच्या त्याला हिशोब नव्हता, पण तेव्हा विकत घ्यायचं म्हटलं तरी मिळायचं कुठे? आता सेलमध्ये वडापाव-चहाच्या पैशांत जुना गेम येतो. आणि कुणी पेनड्राइव्हवर ‘गॉगचाच आहे’ म्हणून सेटअप आणून दिला तर चालवण्याआधी त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे गॉगचं नाव नसेल तर तो पेनड्राइव्ह तसाच परत कर. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लाव, त्याचा कोड ईमेलवर येतो. तो ईमेल कॉलेजने दिलेला नको, कॉलेज संपलं की तो बंद पडेल आणि गेमचं खातं त्याच्याबरोबर अडकेल.

येणार असशील तर शनिवारी संध्याकाळी ये. रविवारी सकाळपर्यंत दोन मोठे गेम उतरून होतील. डिस्कची केबल तुझी तूच आण, माझ्याकडच्या सगळ्या जुन्या जाड तोंडाच्या आहेत.