जुन्या घराची विमा-तपासणी

घर जुने झाले म्हणजे ते दुबळे झाले, असे सर्वस्वी म्हणता येत नाही. शंभर वर्षांची भिंत भक्कम उभी राहते आणि दहा वर्षांचे छप्पर गळू लागते, हे आपण नेहमी पाहतो. मग विमा उतरविणाऱ्या संस्थेने घराची जोखीम ठरवावी तरी कशी? केवळ वयावरून ठरविली, तर निगा राखणाऱ्या मालकावर अन्याय होतो. वयाचा विचारच सोडला, तर एकाच्या निष्काळजीपणाचा भार सर्व विमेदारांवर पडतो. या पेचातून निघालेला मार्ग म्हणजे घराची प्रत्यक्ष तपासणी होय.

तपासणीचा उगम

सन १६६६ च्या सप्टेंबर महिन्यात लंडन शहरात मोठी आग लागली व तीत सुमारे १३,००० घरे भस्मसात झाली. त्यानंतर काही वर्षांनी निकोलस बार्बन या गृहस्थाने तेथे आगीच्या विम्याचा व्यवसाय आरंभिला. विटांच्या घराला त्याच्या वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, तर लाकडी घराला पाच टक्के असा त्याचा दर असे. घर कशाचे बांधले आहे हे पाहून हप्ता ठरवावयाचा, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १७५२ मध्ये स्थापन झालेल्या विमा-संस्थेने हे तत्त्व पुढे नेले. विमा देण्यापूर्वी तिचे पाहणीदार घराची पाहणी करून त्याचे वर्णन लिहून ठेवीत. पुढे घरासमोरील झाडे आग विझविण्याच्या कामी अडथळा करतात म्हणून, अशा घरांना विमा न देण्याचे तिने १७८१ मध्ये ठरविले. तेव्हा असंतुष्ट घरमालकांनी १७८४ मध्ये दुसरी संस्था काढली व ती अधिक हप्ता घेऊन अशा घरांचा विमा उतरवू लागली. धोका दिसताच दार बंद करावे, की त्याचे मोल ठरवून दार उघडे ठेवावे, हा वाद इतका जुना आहे.

फ्लॉरिडातील चार अंगांची पाहणी

आज ही पद्धत ठळकपणे आढळते ती अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ हे चक्रीवादळ या राज्याच्या दक्षिण भागावर आदळले. हजारो घरांची छपरे उडाली आणि भरपाई देता देता अनेक विमा-कंपन्यांचे दिवाळे निघाले. पडझडीची पाहणी केली असता असे दिसून आले की, पुष्कळ ठिकाणी छपराच्या फळ्यांना ठोकलेले खिळे वाशांत न शिरता त्यांच्या बाजूने निसटून गेले होते. पुढे २००२ मध्ये तेथे संपूर्ण राज्याला लागू होणारी नवी बांधकाम-संहिता अंमलात आली.

त्यापूर्वीच्या घरांचे काय, हा प्रश्न उरला. घर २० किंवा ३० वर्षांहून जुने असल्यास तेथील बहुतेक विमा-कंपन्या त्याच्या चार अंगांची पाहणी मागतात. छप्पर, वीज, पाण्याचे नळ व वातानुकूलन ही ती चार अंगे होत. ही मागणी प्रायः कंपन्यांच्या नियमांतून आलेली आहे. परवानाधारक तपासनीस छायाचित्रांसह अहवाल देतो. ही पाहणी डोळ्यांना दिसते तेवढ्यापुरतीच असते. भिंत फोडून कोणी आत पाहत नाही.

दोषांचे विज्ञान

प्रथम विजेचा विचार करू. सुमारे १९६५ ते १९७३ या काळात तांबे महाग झाल्यामुळे अमेरिकेतील अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा बसविण्यात आल्या. ॲल्युमिनियम उष्णतेने तांब्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने अधिक प्रसरण पावते. तार तापते व निवते, तसतशी स्क्रूखालील तिची पकड सैल होते. शिवाय तिच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर विजेला विरोध करतो. आता समजा, एका सैल जोडणीचा रोध १ ओहम झाला व तीतून १० अँपिअर प्रवाह वाहू लागला. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणिले असता १०० वॅट येतात. म्हणजे शंभर वॅटच्या जुन्या दिव्याएवढी उष्णता भिंतीतील एका लहानशा डबीत निर्माण होईल! अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत असे आढळले की, १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम तारांच्या घरांत एखादी जोडणी आग लागण्याच्या अवस्थेला पोहोचण्याचा संभव तांब्याच्या तारांच्या घरांपेक्षा ५५ पट अधिक असतो.

नळांची गोष्टही अशीच आहे. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ आतून गंजतात व त्यांचा मार्ग अरुंद होत जातो. सुमारे १९७८ ते १९९५ या काळात वापरलेले पॉलिब्युटिलीनचे नळ पाण्यातील क्लोरीनमुळे ठिसूळ होऊन अकस्मात फुटतात. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही नकळत लाकूड कुजविते.

छपराच्या बाबतीत शत्रू आहे वारा. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा २०० झाला, तर दाब दुप्पट न होता चौपट होतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो. त्यातच एखादी खिडकी फुटली की आत शिरलेली हवा खालून लोटू लागते. म्हणून वासे भिंतीला केवळ खिळ्यांनी जोडले आहेत की धातूच्या पट्ट्यांनी आवळले आहेत, छप्पर दोनपाखी आहे की चौपाखी, खिडक्यांना झडपा आहेत की नाहीत, हे एका निराळ्या वादळ-तपासणीत पाहतात. चौपाखी छपराला उभी त्रिकोणी भिंत नसल्यामुळे वारा त्यावर सरळ आदळत नाही. अशी मजबुती आढळल्यास हप्त्यात सूट दिली पाहिजे, असा त्या राज्याचा कायदा आहे.

न्यायाचा प्रश्न

तपासणीचा निकाल प्रतिकूल आला, तर त्याची झळ मोठी असते. कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाला विमा ठेवणे सावकार-संस्थेच्या अटीप्रमाणे भागच असते. विमा गेला तर घरच धोक्यात येते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला नवे छप्पर घालण्याचा खर्च सहज पेलवत नाही. या तक्रारी वाढल्यानंतर मे २०२२ मध्ये फ्लॉरिडाने कायदा केला. त्यानुसार १५ वर्षांहून कमी वयाच्या छपराबद्दल केवळ वयाचे कारण सांगून विमा नाकारता येत नाही. छप्पर त्याहून जुने असल्यास मालकाला तपासणीची संधी द्यावी लागते, आणि त्याचे आयुष्य निदान ५ वर्षे उरले आहे असे ठरले, तर नुसत्या वयावरून नकार देता येत नाही.

या तरतुदीचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. वय हे केवळ अनुमान होय. तपासणी हा पुरावा होय. जी पाहणी घरमालकाला दाराबाहेर ठेवण्यासाठी योजिली होती, तीच त्याच्या बाजूची साक्षही होऊ शकते. मात्र अहवालात दोष लिहून भागत नाही. तो दुरुस्त करण्याचे साधन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले पाहिजे. वेळीच आवळलेली एक जोडणी व वेळीच बदललेला एक नळ यांची किंमत अल्प असते; पण त्यांनी टळणारी आग वा पूर कोणत्याही विम्याने पुरता भरून निघत नाही.