शेपटीचा सर्वो आणि 8.4 व्होल्ट

तात्यापारा, रायपूर

चि. भाचोबास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. रिमोटचं हेलिकॉप्टर झकास आहे, सेकंडहँड वाटत नाही. पण मुख्य पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेटचे तीन सर्वो (हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हाय व्होल्टेजचे आणि शेपटीचा चौथा जुन्या मॉडेलवरून काढलेला. वर विचारतोस, ‘मामा, दोन सेलची लिपो बॅटरी थेट रिसीव्हरला लावू ना?’ लावू नकोस. आधी त्या चौथ्याचं लेबल वाच. जुने बरेचसे सर्वो 4.8 ते 6 व्होल्टचे असतात.

बॅटरीवर 7.4 छापलेलं असतं, तिथेच गडबड होते. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या लिपोचा एकेक सेल 4.2 ला असतो, म्हणजे सर्वोच्या पदरात 8.4 पडतात. रिसीव्हर मध्ये आहे, तो सांभाळून घेईल, असंही समजू नकोस. तो स्वतः 8.4 पचवेलही, पण सर्वोला आलं तसं पुढे ढकलतो.

मी हेच करून बसलोय. टेबलावर सगळं जोडलं, तर 6 व्होल्टचा सर्वो असा चपळ झाला की मी खूश! चार-पाच मिनिटांत त्याची बारीक गुणगुण सुरू झाली, बोट लावलं तर चटका बसला, आणि मग वास आला, इस्त्रीखाली प्लास्टिकचं बटण आल्यासारखा. तुझी मामी स्वयंपाकघरातून धावत आली, दूध लागलं समजून. टेबलावर होतं म्हणून निभावलं. हवेत शेपटीचा सर्वो गेला की अख्खं यंत्र भोवऱ्यासारखं गरगरतं, आणि तुझ्या 600 मिलिमीटरच्या पात्यांचे मिनिटाला दोनेक हजार फेरे चालू असतात.

काही जण मध्ये डायोड घालून व्होल्टेज उतरवतात. एक डायोड साधारण 0.7 खातो, दोन घातले तरी 8.4 चे 7 उरतात. म्हणजे 6 च्या सर्वोला ते जास्तच. शेपटीपुरता वेगळा रेग्युलेटर लावता येतो, बरेच जण लावतात. पण आणखी एक जोड म्हणजे सुटायला आणखी एक जागा. माझं ऐकशील तर शेपटीलाही हाय व्होल्टेज सर्वोच घे, चौघे एका जातीचे होऊ देत. घेताना शेपूट स्थिर ठेवणाऱ्या तुझ्या गायरोला चालणारा पल्स बघ. शेपटीचे काही सर्वो 1520 मायक्रोसेकंदांचे असतात, काही 760 चे.

पैसे आत्ता नसतील तर सगळ्यांना 6 व्होल्टचा बीईसी लाव, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर-सर्वोंना देणारी पट्टी. मात्र आधी स्वॉशप्लेटच्या तिघांच्या लेबलवर 6 आहे ना ते बघ. त्यांची ताकद थोडी उतरेल, उतरू दे. बीईसी स्विचिंगचाच घे. जुना लिनियर बीईसी जास्तीचं व्होल्टेज नुसतं तापून घालवतो: तीन सेलच्या भरलेल्या 12.6 वरून 5 वर यायचं आणि सर्वो 2 अँपिअर ओढत असले, तर 15 वॉट उष्णता. रायपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर माणूस टिकत नाही, तिथे त्या चिमुकल्या पट्टीचं काय?

कमी पडलं तरी पंचाईतच. चारही सर्वो एकदम हलले की करंट उसळतो, व्होल्टेज क्षणभर कोसळतं, रिसीव्हर रीसेट होतो. मल्टिमीटर एवढा चपळ नसतो, त्याला ही डुबकी दिसतच नाही. म्हणून बीईसीवरचा ‘पीक’चा आकडा सोड, सतत किती अँपिअर देतो ते बघ आणि हात सैल ठेवून घे. तारा बारीक नकोत.

दिवाळीत येशील तेव्हा आपण माना विमानतळापासून लांब, मोकळ्या शिवारात जाऊ. तो जळका सर्वो मी सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलाय, हुंगून बघ. तोवर मोटरच्या तारा सोडव, पाती उतरव, आणि चौथ्याच्या लेबलचा फोटो पाठव, या वेळी जवळून.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा