स्पोअर मोजल्याशिवाय प्लेट भरू नकोस

अगं, नवं किट, नवं मशिन यांचं मागाहून बघू. मोल्डची एमआयसी चुकली की सगळे प्लेट वाचणाऱ्याकडे बोट दाखवतात. खरं तर ती दोन दिवस आधी, सस्पेन्शन करतानाच बिघडलेली असते. म्हणून तुझा निम्मा जीव तिथे लाव.

कल्चर कोवळं असताना टेस्ट लावायची नाही. पीडीएवर रंग भरू दे, स्पोअर नीट धरू देत. कँडिडाची कॉलनी सलाइनमध्ये सहज मिसळते. अ‍ॅस्परजिलसचे स्पोअर पाण्याला अंग लावून घेत नाहीत, वर तरंगतात आणि हवेत उडतात. त्यासाठी सलाइनमध्ये ट्वीन-20 चा एक थेंब घाल, आणि स्लँट उघडायचा तो सेफ्टी कॅबिनेटमध्येच. ओला स्वॅब हलक्या हाताने फिरव. खरवडलंस की तंतूंचे तुकडे येतात. मग ट्यूब तीन ते पाच मिनिटं स्टँडमध्ये राहू दे. जड ते तळाला बसतं. वरचं तेवढं दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन व्होर्टेक्स कर. घाईच्या दिवशी हीच पाच मिनिटं गाळली जातात. मग पिठल्यात गुठळी राहावी तसा एखादा पुंजका वेलमध्ये जातो, आणि स्वच्छ वेलच्या ओळीत मध्येच एक वाढ दिसते. अशी प्लेट अंदाजाने वाचू नकोस, पुन्हा लाव.

आता मोजणी. सीएलएसआयच्या पद्धतीत अ‍ॅस्परजिलससाठी 530 नॅनोमीटरवर ओडी 0.09 ते 0.13 धरतात; फ्युजेरियम आणि म्युकरवर्गासाठी 0.15 ते 0.17. पण ओडी म्हणजे नुसता गढूळपणा. स्पोअर काळे असले, मोठे असले की तोच आकडा वेगळी संख्या सांगतो. न्यूबॉवर चेंबरखाली मोज, आणि थोडं सस्पेन्शन साध्या प्लेटवर पसरून जिवंत किती तेही बघ. स्पोअर जास्त पडले तर एमआयसी वर चढते, आणि चांगलं औषध कागदावर निकामी ठरतं. एक ध्यानात ठेव: वेलमधली अंतिम संख्या युकास्टच्या पद्धतीत सीएलएसआयच्या साधारण दहापट असते. एकाची प्लेट लावून दुसऱ्याचा ब्रेकपॉइंट लावायचा नाही.

वाचताना प्लेटखाली आरसा धर. अझोल आणि अ‍ॅम्फोटेरिसिनला वेल पूर्ण स्वच्छ हवी. कॅस्पोफंजिनला तशी स्वच्छ वेल शोधत बसशील तर फसशील. तिथे पसरट वाढीच्या जागी आखूड, घट्ट, गोळ्यासारखी वाढ ज्या वेलपासून सुरू होते ती एमईसी. एमआयसी वाचायची ती अ‍ॅस्परजिलसची 48 तासांनी, म्युकरची 24 तासांनीच. आणि दर रनसोबत एटीसीसी 204305 सारखा क्यूसी स्ट्रेन. तो हद्दीबाहेर गेला तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट जाणार नाही, वॉर्डातून कितीही फोन आले तरी.

फ्युमिगेटसची वाढ दिसली की एकच टोक उचलू नकोस. एकाच पेशंटमध्ये अझोलला दाद देणारा आणि न देणारा असे दोन्ही स्ट्रेन असू शकतात. चार-पाच कॉलन्या घे. चार कप्प्यांची अगार प्लेट यासाठी फार सोयीची आहे: इट्राकोनॅझोल 4, व्होरिकोनॅझोल 2, पोसॅकोनॅझोल 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि चौथा कप्पा औषधाविना. औषधाच्या कप्प्यात वाढ आली की पूर्ण एमआयसी लाव. पेशंटने अझोल कधीच घेतलं नसेल म्हणून निर्धास्त राहू नकोस. शेतात फवारलेल्या अझोलमुळे तयार झालेला टीआर34/एल98एच हा प्रकार 2012 मध्ये आपल्या देशातल्या मातीतूनही नोंदवला गेला आहे.

रिपोर्टवर आधी जात नीट ओळखून लिही. टेरियस निघाला तर अ‍ॅम्फोटेरिसिनचा भरवसा नाही, हे डॉक्टरांना एमआयसीची वाट न बघता कळवता येतं. म्युकरला मात्र ठरलेले क्लिनिकल ब्रेकपॉइंट नाहीत. 2021 च्या कोविडच्या लाटेत महाराष्ट्रभर म्युकरचे पेशंट वाढले, तेव्हा ‘सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट, एवढंच सांगा’ असा तगादा असायचा. तरीही एमआयसीचा आकडा दे, पुढे एस किंवा आर लिहू नकोस, आणि फोन उचलून ते का लिहिलं नाही हे डॉक्टरांना स्वतः सांग.