विमानाचा बारीक स्क्रू

आमच्या धाडला नातवाने खेळातले विमान उडवले. हातातल्या यंत्राने ते वळते. तिसऱ्या दिवशी हवेतच मोटर सुटली अन् विमान कपाशीत पडले. कापूस वेचणाऱ्या बायांपासून चार हातांवर! पाहतो तर मोटरीचे दोन स्क्रू गायब.

"आजोबा, मी तर घट्ट आवळले होते."

आवळले होते, खरे आहे. पण मोटर फिरली की विमान थरथरते. थरथरीने आटे हळूहळू सरकतात. मळणीयंत्राचे नट असेच ढिले होतात, तुम्ही पाहिलेच असेल.

यावर आटे धरणारा एक डिंक मिळतो. अमेरिकेतले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी तो १९५३ साली तयार केला. त्याची गंमत ऐका. हवा लागते तोवर तो पातळ राहतो. म्हणून त्याची बाटली काठोकाठ भरत नाहीत. आट्यांत हवा नसते, धातू असतो; तिथे तो घट्ट होतो.

आधी आट्यांचे तेल पुसा. मग एकच थेंब लावा. निळा घ्या. लाल घ्याल तर स्क्रू काढताना तापवावा लागेल. एक दिवस वाळू द्या. प्लास्टिकला मात्र लावू नका, तडा जातो. तिथे आत नायलॉनची कडी असलेला नट बसवा.

दिवसभर थांबायचे म्हणून पोराने कुरकुर केली. पण आता उडवण्याआधी एकेक स्क्रू चाचपून पाहतो.